नवे नियम होतच आहेत, तर सायकलस्वारांनाही हेल्मेटची सक्ती करावी का?

उतारावरचा (धागालेखक)

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा कलम १३८ ला (१अ) हे पोटकलम जोडले गेले आणि यंत्राशिवाय चालणारी वाहने व पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला. हा अधिकार पुढे अनेक वर्षे कागदावरच राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले, त्यामुळे आजवर कायद्याने फारशी दखल न घेतलेल्या सायकलचा विचार आता करावाच लागणार आहे. माझे म्हणणे असे की, या नियमांत सायकलस्वाराने हेल्मेट घातलेच पाहिजे, असे एक कलम असावे.

हे मत माझे पूर्वीपासून नव्हते. आमच्या इमारतीत राहणारे एक निवृत्त गृहस्थ रोज पहाटे सायकल चालवत. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस एका वळणावर बांधकामाची वाळू सांडलेली होती, तिच्यावरून पुढचे चाक घसरले आणि ते आडवे झाले. रस्ता रिकामा होता, वेग तासाला दहा-बारा किलोमीटरच्या वर नसावा, आणि धडक द्यायला तिथे दुसरे वाहनही नव्हते. ते स्वतः उठले, सायकल हातात धरून घरी आले, चहा घेतला, आणि दुपारी बोलताना त्यांचे शब्द अडखळू लागले. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया वेळेत झाली म्हणून आज ते हिंडतात-फिरतात, मात्र पेटीवर जी भजने ते डोळे मिटून वाजवत, ती आता वही समोर ठेवून वाजवतात.

सायकलचे हेल्मेट डंपरखाली सापडलेल्या माणसाला वाचवत नाही, हा आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे, आणि तो खराही आहे. ते त्यासाठी बनवलेलेच नसते. युरोपातील ईएन १०७८ या मानकाप्रमाणे हेल्मेटची चाचणी घेताना ते सुमारे दीड मीटर उंचीवरून लोखंडी सपाट पृष्ठावर आपटतात. त्या क्षणी वेग तासाला साडेएकोणीस किलोमीटर भरतो, आणि आतल्या नकली डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटींच्या पुढे जाता कामा नये, अशी अट असते. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोकेही जमिनीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर असते, म्हणजे उभ्या सायकलवरून कलंडलेला माणूससुद्धा जवळपास त्याच वेगाने डोके आपटून घेऊ शकतो. आमच्या शेजाऱ्यांचा अपघात नेमका या प्रकारचा होता, आणि आतला तो थर्माकोलसारखा थर चेपला गेला असता तर धक्क्याचा मोठा भाग त्यानेच घेतला असता.

कलम १२९ प्रमाणे स्कूटरवर मागे बसलेल्या चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट लागते. त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यांतून, आठवीतला मुलगा उघड्या डोक्याने सायकल हाकत जातो, तेव्हा त्याच्या कवटीला कायद्याने निराळे का समजावे, याचे उत्तर मला सापडत नाही. दंड शंभर रुपये ठेवा, पहिले वर्ष नुसती समज द्या, पण नियम असू द्या.

शाळामास्तरीण

आपल्या शेजाऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटले. तरीही धाग्यातील सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो ज्या रस्त्यावर उभी राहून मी करते आहे तो रस्ता आपल्या डोळ्यांसमोर नसावा, असे वाटते.

मी जालना जिल्ह्यातील एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आणि आमच्या शाळेत वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुली त्याच सायकलींवर येतात. सातवीनंतर एस.टी.च्या वेळा जुळत नाहीत म्हणून घरी बसणाऱ्या मुलींचे प्रमाण या सायकलींनी आमच्याकडे किती कमी केले, ते मी हजेरीपटावर पाहिले आहे. बरे हेल्मेट हजार रुपयांच्या आसपास मिळते. सायकल सरकारने दिली, हेल्मेट कोणी द्यायचे, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न पैशाचा नाही. आपण शंभर रुपयांचा दंड म्हणता, पण आमच्याकडे पोलिसाने मुलीला रस्त्यात अडवले, एवढीच बातमी घरी पोहोचणे पुरेसे असते. ती कशासाठी अडवली, दंड झाला की नुसती समज मिळाली, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी बाप म्हणतो, "बास झाली शाळा." हे मी कल्पनेने लिहीत नाही. एकदा कागदपत्रांच्या किरकोळ चौकशीवरून असे घडले आणि ती मुलगी परत यावी म्हणून मला तिच्या घरी तीन खेपा घालाव्या लागल्या.

तिसरी गोष्ट अशी की, आमच्या मुलींच्या जिवाला खरा धोका ऊसतोडीच्या हंगामात असतो. मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीच्या बाहेर हात-दीड हात आलेला ऊस, मागे ना दिवा ना परावर्तक, आणि साइडपट्टी खचलेली असल्याने सायकल खाली उतरवायलाही जागा नाही. हिवाळ्यात जादा तास संपवून मुली निघतात तेव्हा अंधारून आलेले असते. अशा रस्त्यावर नियम करायचा आणि त्याची पहिली ओळ मुलीच्या डोक्याबद्दल लिहायची, हे मला उलटे वाटते. ट्रॉलीच्या मागच्या फळीला लाल पट्टी लावून घेणे हे कोणाचे काम आहे, तेही या धाग्यात यावे.

नाइट ड्यूटी

मी शस्त्रक्रिया विभागात काम करते, म्हणून एकाच मुद्द्यापुरते लिहिते. हेल्मेटचा उपयोग होतो की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑलिव्हिए आणि क्रेटन यांच्या विश्लेषणात चाळीस अभ्यासांतील ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली होती. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला इजा होण्याची शक्यता निम्म्याने, म्हणजे ५१ टक्क्यांनी, कमी आढळली, गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी आणि डोक्याच्या प्राणघातक इजेची ६५ टक्क्यांनी. औषधाचा एवढा गुण आला असता तर आम्ही ते कोणाला नाकारले नसते.

शाळामास्तरीण यांचा रस्ता मी पाहिलेला आहे आणि ट्रॉलीबद्दल त्या म्हणतात ते पटते, पण ट्रॉलीला पट्टी लागेपर्यंत मुलीचे डोके उघडे ठेवावे, असा त्याचा अर्थ होत नाही. पाय मोडला तर सहा आठवड्यांनी प्लास्टर काढता येते. मेंदूच्या बाबतीत आम्ही नातेवाइकांना तारीख देऊ शकत नाही.

घाटवेडा

मी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड्स, करणारा माणूस आहे. हेल्मेटशिवाय मी फाटकाबाहेर पडत नाही, आणि त्या राइड्सना हेल्मेट सक्तीचे असते, तेही मला योग्य वाटते. व्यावसायिक शर्यतींत हाच वाद फार गाजला होता. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने सक्ती आणताच स्वारांनी पॅरिस-नीस शर्यतीत बंड केले आणि संघटनेला माघार घ्यावी लागली. पुढे २००३ मध्ये त्याच शर्यतीत पडून आंद्रेई किविलेव याचा डोक्याच्या इजेने मृत्यू झाला, तेव्हा कुठे सक्ती आली, आणि सुरुवातीला तर शेवटच्या मोठ्या चढावर हेल्मेट काढण्याची मुभा होती. तेव्हा मी हेल्मेटच्या विरोधात आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. माझा विरोध रस्त्यावरच्या सरसकट सक्तीला आहे.

नाइट ड्यूटी यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, मात्र ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, ते पाहावे लागेल. ते अभ्यास जखमी झालेल्यांपैकी हेल्मेट घातलेले आणि न घातलेले यांची तुलना करतात. कायदा केल्यावर एका शहरात एकूण किती माणसे सुरक्षित राहिली, हे त्यातून कळत नाही, कारण कायद्यामुळे ज्यांनी सायकल सोडली ते त्या मोजणीत कुठेच येत नाहीत. आकड्यांच्या बाबतीत सावध राहण्याला आणखीही एक कारण आहे. १९८९ मध्ये सिएटलच्या एका अभ्यासातून "हेल्मेटने डोक्याची इजा ८५ टक्क्यांनी कमी होते" असा निष्कर्ष निघाला, जगभर तो कायद्यांच्या समर्थनार्थ वापरला गेला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संस्थांनी तो आकडा मागे घेतला. तो खूपच फुगलेला होता. ५१ टक्के हाही मोठाच गुण आहे, हे मान्य.

रस्त्यावर सायकली जितक्या जास्त, तितका एकेका सायकलस्वाराला धोका कमी, हे पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये अनेक शहरांच्या आकडेवारीवरून दाखवले. मोटार चालवणाऱ्याला सायकल दिसण्याची सवय लागते, एवढे साधे हे कारण असावे. पुण्यात माझ्या लहानपणी ही सवय होती. आज सायकल दिसली की मागचा रिक्षावाला हॉर्न असा वाजवतो की जणू म्हैस आडवी आली आहे. सक्तीने या थोड्या उरलेल्या सायकलीही कमी झाल्या, तर जे उरतील त्यांचा धोका वाढेल, आणि त्या उरलेल्यांत हेल्मेट घातलेला मीही असेन.

जाता जाता: इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांनी २००६ मध्ये सायकलला मोजयंत्र बसवून पाहिले, तेव्हा हेल्मेट घातलेले असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. नंतर इतरांनी तीच माहिती पुन्हा तपासून या निष्कर्षावर हरकत घेतली, म्हणून त्यावर मी फार भार टाकत नाही.

मेलबर्नकर

ऑस्ट्रेलियाचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे नवल वाटले. आमचे व्हिक्टोरिया हे सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे करणारे जगातील पहिले राज्य आहे. १ जुलै १९९० पासून हा कायदा लागू झाला आणि १९९२ पर्यंत बाकीच्या राज्यांनीही तो केला. मी इथे गेली अनेक वर्षे सायकलने कामावर जातो, म्हणून दोन्ही बाजूंचे जे खरे आहे ते सांगतो.

कायद्याने हेल्मेट वापरणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि डोक्याच्या इजा घटल्या, हे खरे. त्याच वेळी रस्त्यावरच्या मोजणीत सायकलस्वारही घटले, आणि सर्वांत जास्त घट किशोरवयीन मुलामुलींत झाली, हेही तितकेच खरे. इजा किती हेल्मेटमुळे कमी झाल्या आणि किती सायकली कमी झाल्यामुळे, यावर इथले अभ्यासक पस्तीस वर्षे भांडत आहेत आणि त्यांचे भांडण मिटण्याची लक्षणे नाहीत. भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची मेलबर्नची योजना २०१९ मध्ये बंद पडली. तिला हेल्मेटची अट नडली, असे पुष्कळ जण मानतात. वाटेत सुचले म्हणून सायकल घ्यायची, तर हेल्मेट कुठून आणायचे? योजनेने सायकलींबरोबर हेल्मेट ठेवूनही पाहिले, पण दुसऱ्याच्या घामाचे हेल्मेट डोक्यावर चढवायला लोक तयार नसतात.

दंडाचे तर विचारूच नका. न्यू साउथ वेल्सने २०१६ मध्ये तो ७१ डॉलरवरून एकदम ३१९ डॉलर केला. उतारावरचा आज शंभर रुपये म्हणत आहेत, पण दंडाची रक्कम एकदा कायद्यात शिरली की ती कोणत्या दिशेने जाते, ते आम्ही पाहिले आहे.

एवढे सगळे असूनही, मला विचाराल तर हा कायदा आता काढू नये. माझ्या मुलीला हेल्मेट घाल असे मला कधी सांगावे लागले नाही. ती सायकलकडे जाताना ते आपोआप उचलते, कारण तिने हेल्मेटशिवाय सायकल चालवणारा माणूस क्वचितच पाहिला आहे. ही सवय कायद्याने लावली. नॉर्दर्न टेरिटरीने १९९४ मध्ये एक मधला मार्ग काढला आणि प्रौढांना पदपथावर व सायकल मार्गावर सूट दिली. महाराष्ट्रात नियम करणाऱ्यांनी तो तरी वाचावा.

खोडरबर

मेलबर्नकर, नॉर्दर्न टेरिटरीतल्यासारखी सूट द्यायची तर आधी सायकल मार्ग असावा लागतो. आमच्याकडचा सायकल मार्ग हा दुचाक्या लावण्याची, पाणीपुरीच्या गाडीची आणि फुटलेल्या फरशीची जागा आहे.

माझ्या पिढीला सायकलवरची सक्ती नवी नाही. नगरपालिकेचा बिल्ला हवा, रात्री दिवा हवा, डबलसीट बसायचे नाही, असे नियम होते, आणि दिवा नसला की हवालदार चाकाची हवा सोडून देई. तेव्हा डबलसीट कोण जात असे? ज्या घरात एकच सायकल होती, ते. नियम सर्वांसाठी होता आणि अडत मात्र विशिष्ट लोक होते.

हे आपल्यापुरतेच नाही. सिएटल ज्या किंग काउंटीत आहे, तिथला हेल्मेटचा कायदा १९९३ चा. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी तो रद्द केला, कारण सिएटलमधील या दंडाच्या जवळपास निम्म्या पावत्या बेघर माणसांच्या नावे फाडल्या गेल्याचे उघड झाले. हेल्मेट हे पोलिसांना हव्या त्या माणसाला थांबवण्याचे निमित्त झाले होते. आपल्याकडे पहाटे चारला वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून येणारा वॉचमन, हँडलला किटल्या लावलेला चहावाला, दादरच्या पुलाखालून डब्यांची सायकल काढणारा डबेवाला, हे रस्त्यावर असतात. रविवारी लाखाच्या सायकली घेऊन सिंहगडाकडे जाणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट आधीपासूनच आहे. मग पावती कोणाची फाटणार, ते सांगा.

आणि पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून दुचाकीस्वारांवर हेल्मेटची कारवाई सुरू झाली तेव्हा काय झाले, ते सर्वांनी पाहिले. पुणेकरांनी पगड्या घालून विरोध केला. मी त्यात नव्हतो. मी स्कूटरवर हेल्मेट घालतो, कारण स्कूटरला साठचा वेग आहे.

उतारावरचा

खोडरबर, स्कूटरच्या वेगाचा मुद्दा मांडण्यापूर्वी आपण धाग्यातील चाचणीचा परिच्छेद पुन्हा वाचावा, अशी विनंती. आमच्या शेजाऱ्यांचा वेग बाराचा होता.

बाकी प्रतिसादांनी मला माझी सूचना बदलायला लावली आहे, हे मान्य करतो. शाळामास्तरीण यांच्या तीन खेपांना माझ्याकडे उत्तर नाही. रस्त्यात अडवून दंड करण्याची तरतूद मी मागे घेतो. मात्र सक्ती म्हणजे केवळ स्वाराला दंड, असे आपण सगळे धरून चाललो आहोत. दुचाकी विकताना तिच्याबरोबर हेल्मेट देण्याचे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ (४) मध्ये आधीच आहे. तेच बंधन सायकलला का लावू नये? सायकलींना परावर्तक बसवण्यासाठी केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढलाच आहे, म्हणजे उत्पादकावर बंधन टाकण्याची वाट अनोळखी नाही. ज्या सायकली सरकार स्वतः वाटते, त्यांच्याबरोबर हेल्मेट सरकारनेच द्यावे. भाड्याच्या सायकली आणि अडीचशे वॉटपर्यंतच्या, परवाना न लागणाऱ्या ई-सायकली यांच्यासाठी मात्र मी स्वाराच्या सक्तीवर ठाम आहे, कारण पायडल न मारता तासाला पंचवीस किलोमीटरने जाणारे वाहन हे नावापुरते सायकल आहे.

घाटवेडा

ई-सायकलपुरते सहमत. विकताना हेल्मेट देण्याबाबत एक अडचण लिहून ठेवतो. दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ या भारतीय मानकाचे प्रमाणचिन्ह १ जून २०२१ पासून बंधनकारक आहे, तरी पदपथावर दोनशे रुपयांच्या टोप्या विकल्या जातातच आणि त्या पावतीपासून वाचण्यासाठी घातल्या जातात. सायकलबरोबर फुकट द्यायचे म्हटले की विक्रेता सर्वांत स्वस्त, डोक्यावर डुगडुगणारे काहीतरी देईल. हनुवटीखालचा पट्टा नीट बसला नाही तर पडताना हेल्मेट आधी मागे सरकते आणि कपाळ उघडे पडते. मानक लिहून दिल्याशिवाय हा नियम करू नये. भाड्याच्या सायकलीच्या बाबतीत मात्र मेलबर्नकरांनी सांगितलेला अनुभव पुरेसा बोलका आहे, तिथे आपले पटणार नाही.

शाळामास्तरीण

सायकलबरोबर चांगले हेल्मेट शाळेत पोहोचणार असेल आणि ते तपासण्याचे काम पोलिसांऐवजी आमच्याकडे, म्हणजे शाळेच्या फाटकापाशी असणार असेल, तर माझा विरोध उरत नाही. ट्रॉलीच्या पट्टीबद्दल कोणी काहीच बोलले नाही, याची नोंद घेतली आहे.

नाइट ड्यूटी यांना एक प्रश्न विचारायचा आहे. आमच्या मुली दोन वेण्या वर दुमडून रिबिनीने कानांमागे बांधतात आणि उन्हासाठी त्यावरून स्कार्फ गुंडाळतात. घाटवेडा यांनी पट्ट्याबद्दल लिहिले आहे ते वाचल्यावर हे सगळे हेल्मेटच्या आत कसे बसवायचे, असा प्रश्न पडला. वेण्या खाली सोडाव्या लागतील, असे दिसते. वरच्या वेण्या हा शाळेच्या गणवेशाचा भाग आहे आणि तो नियम बदलायचा तर मुख्याध्यापकांकडे मलाच जावे लागेल.

नाइट ड्यूटी

वेण्या मानेवर खाली सोडायच्या, आणि स्कार्फ सुती व एकच पदर असलेला घ्यायचा. जाड गाठ आत आली तर हेल्मेट वर उचलले जाते. डोक्याचा घेर भुवयांच्या वर बोटभर अंतरावर शिंप्याच्या टेपने मोजून ठेवा, खरेदीच्या वेळी तेवढेच लागेल. मुख्याध्यापकांना हवे असेल तर मी पत्र लिहून देते.